राईकडे फिरवलेले पंखे

स्वच्छ जागा निवडायची म्हटल्यावर भाचीच्या डोळ्यांसमोर दुसरी कुठली जागा आलीच नाही. आत्याच्या घरामागची राई! शहरापासून लांब, रस्त्यापासून आत, पाइनची उंच झाडं, पायाखाली सुयांचा मऊ थर. जगात कुठे हवा चांगली असेल तर ती तिथेच, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं; आणि लहानपणापासून ठाऊक असलेल्या गोष्टी माणूस सहसा तपासून बघत नाही. एरवी भाची दुधाची पिशवीसुद्धा तारीख वाचल्याशिवाय उचलत नसे. पण राईच्या बाबतीत तिने हवेचा एकही आकडा न बघता ठरवून टाकलं, की ही आपली निर्मळ जागा.

तिला तीन ठिकाणची माती तपासायची होती. एक शहराबाहेरच्या मोठ्या रस्त्याकडेची, एक कारखान्यांच्या बाजूची आणि ताडून बघायला एक स्वच्छ. हवेतून मातीवर जो नायट्रोजन पडतो, त्याने मातीतल्या सूक्ष्मजीवांचं काय होतं, हा तिचा विषय. आत्याला तिने तो फोनवर समजावला होता.

"म्हणजे बघ आत्या, गाड्यांच्या धुरातून, धुराड्यांतून, शेणामुतातून नायट्रोजनची संयुगं हवेत जातात आणि पावसाबरोबर, धुळीबरोबर खाली येतात. म्हणजे मातीला न मागता खत मिळतं."

"मग बरंच आहे की! फुकटचं खत."

"बरं नाही ना. जंगलातली माती गरिबीत संसार करायला शिकलेली असते. झाडाच्या मुळांना बुरशी लगडलेली असते. ती मातीच्या कानाकोपऱ्यातून नायट्रोजन गोळा करून झाडाला देते, आणि झाड तिला साखर देतं. आता वरूनच नायट्रोजन पडायला लागला, तर झाड बुरशीला कशाला साखर देईल?"

आत्याने क्षणभर विचार केला होता. "घरी आयता डबा येऊ लागला की खानावळ बंद पडते, तसं."

"अगदी तसं."

"बरं, जेवलीस का तू?"

भाचीचे आईवडील बदल्यांच्या नोकरीत असल्यामुळे तिची सगळी शाळा आत्याकडे झाली होती. आत्या आणि आतोबांना मूलबाळ नव्हतं. त्यांच्या दोन लांबलचक शेडमध्ये अंड्यांच्या कोंबड्या होत्या, आणि घरात ही एक. कोंबड्यांच्या घरात वाढली म्हणून तिचं नाव पिल्लू पडलं, ते आता ती सूक्ष्मदर्शकापाशी बसणारी बाई झाली तरी सुटलं नव्हतं. आतोबा जाऊन काही वर्षं झाली होती. आत्या एकटी सगळं बघत होती आणि कुणी काळजी दाखवली, की "एकटी कुठे, चांगल्या हजारभर बायका आहेत घरात" असं म्हणत होती.

तर तिन्ही ठिकाणची माती आली, चाळून झाली, तपासून झाली, आणि निकाल आले ते पार उलटे. रस्त्याकडेच्या मातीत बुरशी कमी असणार, हे ठरलेलंच होतं. ती कमी होती. कारखान्याकडे तशीच. आणि राईच्या मातीत? सगळ्यांत कमी. मुळांवर राहणारी बुरशी जवळजवळ दिसतच नव्हती, तिच्या जागी आयतं खाऊन माजणारे जिवाणू होते. माती आंबटही झाली होती.

भाचीने पहिला संशय घेतला तो शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यावर. हा माणूस इतका सावकाश काम करायचा, की प्रयोगशाळेत सगळे त्याला गोगलगाय म्हणत.

"तू माझ्या बाटल्या हलवल्यास?"

"मी?" गोगलगाय म्हणाला. "मला स्वतःच्या बाटल्या हलवायला दुपार होते. तुझ्या कधी हलवू?"

यात तथ्य होतं. तिने सगळं पुन्हा केलं. पुन्हा तेच आलं. मग ती कागद घेऊन मॅडमकडे गेली. मॅडम तिच्या मार्गदर्शक. फार बोलत नसत, पण चष्मा कपाळावर सरकवला की समजावं, आता प्रश्न येणार.

"राईच्या आसपास काय आहे?" मॅडमनी चष्मा वर सरकवून विचारलं.

"काहीच नाही, मॅडम. म्हणूनच तर घेतली. लांबवर शेतं आहेत. एक ओढा आहे. आमचं घर आहे."

"आणखी?"

"आणखी काही नाही. म्हणजे, आत्याच्या कोंबड्या..."

एवढं बोलून भाची थांबली. कोंबडीच्या विष्ठेतून अमोनिया सुटतो, अमोनिया म्हणजे नायट्रोजनचंच एक रूप, आणि तो फार लांब न जाता जवळपासच उतरतो, हे भाचीने स्वतः पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवलं होतं. फळ्यावर चित्र काढून. चित्रात शेड होती, बाण होते, झाडंही होती. पण ती कुणाची तरी शेड होती. आत्याची शेड ही शेड आहे, हे तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

"आता दोन रस्ते आहेत," मॅडम म्हणाल्या. "राई सोडून दे आणि डोंगरावरच्या जंगलातली माती घे. किंवा तीही घे आणि राईसुद्धा ठेव, पण जशी आहे तशी. शेडजवळची जागा म्हणून. खरं सांगायचं तर दुसरा रस्ता कितीतरी चांगला आहे. फक्त शेडमध्ये जाऊन मोजावं लागेल, आणि कुणाच्या घराविषयी त्या माणसाला न विचारता आपण लिहीत नाही."

"आत्या नाही म्हणाली तर?"

"तर राई गेली. पण विचारायला तर हवं." मॅडमनी चष्मा खाली घेतला. "तुला भीती कशाची वाटते? नाही म्हणेल याची?"

भाचीने मान हलवली. आत्या नाही म्हणेल याची भीती नव्हतीच. आत्याने आजवर तिला नाही म्हटलेलं तिला आठवत नव्हतं. भीती वेगळी होती. ज्या घराने आपल्याला मोठं केलं, त्याच घराकडे बोट दाखवून "इथून विष येतंय" असं म्हणायचं. आणि त्यानंतरही त्या घरात चपला काढून सरळ आत जाता येईल का, पहिल्यासारखं?

सुट्टीत ती गेली. पिशवीत हवेतला अमोनिया टिपणाऱ्या लहान नळ्या होत्या, भिंग होतं, आणि डोंगरावरच्या पाइनची थोडी मुळं एका बाटलीत. धीर तेवढा आणायचा राहून गेला होता.

"हवा मोजायला आलेय," तिने दारातच सांगून टाकलं. हे खोटं नव्हतं.

"मोज, मोज! आमची हवा काय, मोजून घे हवी तेवढी." आत्याने तिची पिशवी ओढून घेतली. "किती वाळलीस गं. त्या शहरात काय मातीच खायला घालतात का तुला?"

भाचीने राईत झाडाझाडाला नळ्या टांगल्या. आत्या मागे मागे होती, अंगठ्याएवढ्या नळीत हवा कशी मावते हे विचारत. भाची उत्तरं देत होती आणि इकडेतिकडे बघत होती, बहुतेक पहिल्यांदाच नीट. राईत गुडघ्याएवढं गवत माजलं होतं. तिच्या लहानपणी इथे गवत नव्हतं. नुसत्या सुया होत्या, आणि पाऊस सरला की त्या सुयांतून अळंब्यांच्या तपकिरी छत्र्या वर यायच्या, इतक्या, की आतोबा म्हणायचे, "बघून पाऊल टाक, गर्दी आहे."

"छत्र्या येत नाहीत का गं आता?"

"कुठल्या येतायत! बंदच झाल्या. पण गवत बघ कसं आलंय. माणसं म्हणतात, एवढी हिरवीगार राई आसपास कुठे नाही." आत्याने वर बघितलं. "फक्त शेंड्याला जरा विरळ झालीयत झाडं. वय झालं असेल. माझेही झालेत की केस विरळ."

पाइनसाठी ते वय काहीच नव्हतं. भाचीला ते माहीत होतं. ती म्हणाली, "असेल."

संध्याकाळी आत्या फोनवर मैत्रिणीला सांगत होती, "अगं, आपली पिल्लू आलीय. सरकारी नळ्या लावल्यायत राईत. सगळ्यांत शुद्ध हवा कुठे आहे ते शोधतायत म्हणे. आता निवडायला दुसरं काय होतं!" नळ्या सरकारी नव्हत्या आणि शुद्ध हवेचंही कुणी काही म्हटलं नव्हतं. पण आत्याने एकदा एखादी गोष्ट अभिमानाने सांगायला घेतली, की ती वाटेत वाढायची. भाची आतल्या खोलीत उशी तोंडावर घेऊन पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या अंडी गोळा करायला निघाली, तेव्हा भाचीही बूट चढवून मागे गेली. शेडमध्ये पाऊल ठेवल्याबरोबर डोळे चुरचुरले. कोंबड्यांच्या पायाखाली लाकडाच्या भुशाचा जाड थर असतो, त्याला या धंद्यात गादी म्हणतात. पाण्याच्या नळीखाली ती गादी ओली होऊन काळी पडली होती. पलीकडच्या भिंतीत मोठे पंखे घरघरत होते आणि आतली सगळी हवा बाहेर ढकलत होते. भाची त्या पंख्यांकडे बघत राहिली. पंख्यांच्या पलीकडे राई होती.

"आत्या, मला तुला काहीतरी सांगायचंय."

"लग्न ठरवलंस?"

"नाही गं."

"मग सांग की. चेहरा तर असा केलायस, जसं काही माझी कोंबडीच चोरलीस."

आणि भाचीने सांगितलं. भरभर, एका दमात, मध्ये श्वास घेतला तर पुढचं राहील या भीतीने. राईची माती, नाहीशी झालेली बुरशी, गवत का माजलं, शेंडे का विरळले. शेवटी पंखे. आत्या अंडी उचलत होती. उचलता उचलता तिचा हात मंदावला, मग थांबला. एक कोंबडी तिच्या बुटावर चोच मारत होती, तिला तिने हाकललंही नाही.

"अच्छा," ती म्हणाली. "म्हणजे आपण हे तपासायला आलात तर."

हे 'आपण' भाचीने या घरात पहिल्यांदाच ऐकलं.

"आत्या, असं नको ना बोलूस."

"नाही कसं, शास्त्रज्ञबाई! आपण शिकल्यासवरलेल्या. आम्ही काय, कोंबड्यांत राहणारी माणसं. आम्हाला वाटायचं, राई आपली छान चाललीय. काल त्या बयेला फोन करून सांगितलंसुद्धा मी, तोंड वर करून!" आत्याने टोपली खाली ठेवली. "ती राई तुझ्या आतोबांनी लावलीय. एकेक रोप पाठीवरून आणलं. आणि तू म्हणतेस, मी ती मारतेय."

"मी असं म्हटलं नाही."

"मग कोण मारतंय? ही?" तिने बुटाजवळच्या कोंबडीकडे बोट दाखवलं.

खरं उत्तर काहीसं तसंच होतं, पण ते द्यायची ही वेळ नव्हती. भाचीने अगदी हळू विचारलं, "पंखे राईकडेच का लावलेत, आत्या? शेजाऱ्यांना वास जातो म्हणून ना?"

"शेजारी!" आत्या हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. "शेजाऱ्यांना विचारतंय कोण. आधी पंखे घराकडेच होते. तू शाळेत जायचीस, तर पोरी तुला 'खुराडं' म्हणायच्या. तुझ्या कपड्यांना वास येतो म्हणून तुझ्या शेजारी बसायच्या नाहीत. तू काही बोलली नाहीस घरी. तुझ्या बाईंनी यांना सांगितलं. त्या रविवारी यांनी शेडची पलीकडची भिंत फोडली आणि सगळे पंखे उचलून तिकडे बसवले. मी म्हटलं, अहो, राईत जाईल सगळं. तर म्हणाले, जाऊ दे, झाडांना नाक नसतं."

शेडमध्ये घरघर चालू होती. भाचीला तो रविवार आठवत होता. आतोबांच्या केसांत सिमेंट होतं, आणि आपण त्यांना "म्हातारे झालात" म्हणून चिडवलं होतं, हेही आठवत होतं. का, ते मात्र तिने कधी विचारलं नव्हतं. 'खुराडं' हा शब्द या घरात कुणाला माहीत नाही, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती.

तिच्या गालांवरून पाणी ओघळायला लागलं.

आत्याने तिच्याकडे तिरप्या नजरेने पाहिलं. "इथे उभी राहून रडू नकोस. इथे रडलेलं कुणाला खरं वाटत नाही. सगळ्यांच्याच डोळ्यांना पाणी असतं." आणि मग टोपली उचलत म्हणाली, "चल बाहेर. नाक पूस आधी."

दुपारी भाचीने ओसरीवर बाटली काढली, राईतलं एक बारीक मूळ खणून आणलं, आणि दोन्ही पांढऱ्या बशीत शेजारी शेजारी ठेवून भिंग आत्याच्या हातात दिलं. डोंगरावरच्या मुळाची टोकं जाडसर, गुबगुबीत होती, फाटे फुटलेली, लोकरीचे मोजे घातल्यासारखी. राईतल्या मुळाची टोकं बारीक, काळपट आणि उघडी.

आत्या बराच वेळ भिंग मागेपुढे करत राहिली. "या मुळाचे मोजे कुठे गेले?"

"तीच ती बुरशी. खानावळ बंद पडली ना."

"पण डबा येतोय म्हणतेस ना वरून? मग झाड उपाशी का?"

"डब्यात एकच पदार्थ येतोय. बुरशी नायट्रोजनबरोबर बाकीचंही आणून द्यायची. स्फुरद, दुष्काळात पाणीसुद्धा. ते सगळं थांबलं. आणि माती आंबली की मुळांना हवी ती काही खनिजंही पाण्याबरोबर वाहून जातात."

आत्याने भिंग खाली ठेवलं आणि आत निघून गेली. त्या दिवशी पुढे ती फारसं बोलली नाही. पण ताटात वाढताना तिने नेहमीसारखा दुसऱ्यांदा आग्रह केला, आणि भाचीने नेहमीसारखं नको नको म्हणत वाढून घेतलं. एवढ्यावर भाचीला झोप लागली.

सकाळी ती उठून बाहेर आली, तर आत्या शेडच्या घराकडच्या भिंतीला शिडी लावून वर चढलेली. हातात पाना, डोक्याला रुमाल. आतोबांनी बुजवलेली जुनी भोकं ती ठोकून बघत होती.

"आत्या! काय करतेस?"

"पंखे परत इकडे घेते. माझ्या नाकाचं काय व्हायचंय आता? आणि तू काही शाळेत जात नाहीस."

"खाली ये आधी. अगं, त्याने काही होणार नाही!"

"का? फुकटचं खत घरावर पडू दे. घराला कुठे मुळं आहेत!"

"वारा काय घरापाशी थांबतो? आज ना उद्या ते ओढ्याकडे जाईल, नाहीतर फिरून पुन्हा राईत. तोंड फिरवून उपयोग नाही, आत्या. मुळात अमोनिया कमी व्हायला हवा."

आत्या शिडीवर तशीच उभी राहिली. "हे शिडी लावायच्या आधी नाही का सांगायचंस?"

"तू विचारलंस कुठे?"

"हं. आता उलट बोल." ती एकेक पायरी सावकाश उतरली. भाचीने शिडी घट्ट धरून ठेवली होती. "मग तो कमी कसा करायचा, ते तरी येतं का, की नुसतं मोजताच येतं?"

"येतं. गादी कोरडी ठेवायची. ओली गादीच जास्त वायू सोडते. तुझ्या पाण्याच्या नळ्या गळतायत, काल बघितलं मी. आणि विष्ठेचा ढीग उघडा आहे, तो झाकायचा. खाद्यात प्रथिनं गरजेपेक्षा जास्त नकोत. जास्तीची शेवटी हवेतच जातात."

"माझ्या बायका काय हावरट आहेत, असं म्हणतेस?"

"थोड्या आहेत."

आत्याला हसू आलं. ते कालच्यासारखं नव्हतं. मग ती गंभीर झाली. "आणि एवढं सगळं केलं तर मोजे परत येतील?"

इथे खोटं बोलणं फार सोपं होतं. भाचीने राईकडे पाहिलं, मग आत्याकडे. "माहीत नाही गं. काही ठिकाणी हवा सुधारल्यावरही बुरशी कित्येक वर्षं परतत नाही. माती विसरत नाही पटकन. येईलही. न येण्याचीही शक्यता आहे."

"म्हणजे बघत राहावं लागेल."

"हो. दर वर्षी माती काढून बघावी लागेल."

"कोण बघणार?"

"मीच. दुसरं कोण?"

"दर वर्षी येशील?"

"वर्षातून दोनदा आले तर आकडे जास्त चांगले मिळतील."

"मग शेडमध्येही लाव त्या नळ्या," आत्या म्हणाली. "आणि लिही काय लिहायचं ते. त्या तुझ्या मॅडमना सांग, परवानगी आहे. कागद आण, सही करते. फक्त एक कर. यांनी पंखे तिकडे फिरवले, ते का फिरवले, तेही लिही."

"असं लिहीत नाहीत आत्या, शोधनिबंधात."

"का? खरं आहे की!"

"खरं आहे, पण त्याला जागा नसते."

"मग कसलं मेलं तुमचं शास्त्र," आत्या म्हणाली आणि पाना घेऊन शेडमध्ये शिरली. "चल, कुठली नळी गळतेय दाखव. आणि ते दाताळं घे कोपऱ्यातलं."

भाची ओली गादी ओढून बाजूला काढू लागली. काळा, जड भुसा दाताळ्याला चिकटत होता, डोळे चुरचुरत होते, आणि कोंबड्या हा नवा उद्योग बघायला दाटीवाटीने पायांत येत होत्या. आत्या नळीखाली वाकून एकेक सांधा आवळत होती.

"जोर लाव जरा," ती वाकल्या वाकल्याच म्हणाली. "मातीत डॉक्टर व्हायला निघालीस आणि दाताळं असं धरतेस, जसं काही पेनच आहे. ए बायांनो, सरका! पिल्लूला काम करू द्या."